दारात बिघाड नाही

निष्कर्ष

निष्कर्ष आधीच लिहून टाकते. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटर ट्रेडच्या जॉबवह्या तपासल्या. कुणीही वही हातात घेतली की आधी शेवटचं पान उघडतं, हे मला माहीत आहे. तेव्हा घ्या. दारात बिघाड नाही. स्प्रिंग, रोलर, मोटर, वायर, सगळं उत्तम आहे. हे कळायला मला तीन दिवस लागले आणि कळल्यावर जास्त राग आला.

लक्षण

चौथी माळ, सोमवार, सकाळी पावणेदहा. गाडीत मी, शेजारी माझे यजमान दिगंबर. आरशाखालचं बटण दाबलं. गॅरेजचं दार वीतभर उचललं, क्षणभर थांबलं आणि परत जमिनीला टेकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा वीतभर.

"रुसलं का काय गं?" दिगंबर म्हणाले. काचबिंदूमुळे त्यांना आता उजेड-अंधाराखेरीज फारसं दिसत नाही. दाराचं वीतभर उठणं त्यांनी ऐकलं होतं.

"रुसायला ते काय जावई आहे? रोलर अडकला असेल."

"दहाला माझी पोरं यायलीत तिकडं."

दिगंबर टॉवेलच्या कारखान्यात जकार्डची कार्डं पाडायचे, म्हणजे कापडावर मोर कुठे बसेल आणि त्याची मान कुठे वळेल हे पुठ्ठ्याला भोकं पाडून मागाला सांगायचे. डोळे गेल्यावर बोटं राहिली. सोमवारी आणि गुरुवारी होटगी रस्त्यावरच्या हातमाग केंद्रात ते बोटांनी वीण ओळखायला शिकवतात. त्यांना तिथे पोचवणारी गाडी मी चालवते. घरातलं बाहेरचं सगळंच मी चालवते.

मी उतरले. दाराला मोटरशी जोडणारी लाल दोरी असते, ती ओढली की दार मोकळं होतं. ओढली, दार हाताने उचललं, गाडी काढली. चार मिनिटं उशीर.

दुसऱ्या दिवशी लाल दोरीनेही भागलं नाही. दार मोकळं झालं, पण गाडीने गिअर घेतला नाही. पडद्यावर लिहून आलं: दाराची संमती प्रलंबित.

साहित्य

पाने, ओळंबा, टॉर्च, मल्टिमीटर, जुनी बनियन (पुसायला), ही वही.

आणि दार. त्याचंही सांगायला हवं. ते आमच्या मुलीने, मृण्मयीने, पुण्याहून पाठवलं. कंपनीचं नाव 'उंबरा'. गेल्या मार्गशीर्षात बसवलं. साठीपुढच्या चालकांना असं दार असल्याखेरीज गाडीचा विमा मिळत नाही, असं ती म्हणाली. पूर्वी इथे लोखंडी शटर होतं. ते उचललं की अख्ख्या जुळे सोलापूरला कळायचं, कारंडे बाई निघाल्या.

कृती १ ते ६ (सगळ्या व्यर्थ)

वर्गातला माझा पहिला नियम: बिघाड कागदावर उतरल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. दुसरा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दोरी ओढून दार छातीपर्यंत उचललं आणि सोडलं. जागेवर राहिलं. स्प्रिंगचा तोल बरोबर. ओळंबा लावला, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सरळ. खालचे सेन्सरचे डोळे पुसले, दिवे लागलेले. रोलर फिरतात. करंट येतो. मोटर तापत नाही.

मग उभं राहून भिंतीवरचं बटण दाबलं. दार पूर्ण उघडलं.

दिगंबरना दाबायला लावलं. पूर्ण उघडलं.

शेजारच्या शेटे वहिनींना बोलावून आमच्या गाडीत, माझ्या जागी बसवलं आणि दाबायला लावलं. पूर्ण उघडलं. वहिनी म्हणाल्या, "मला गाडी येत नाही हो, पण बसायला बरं वाटतंय."

त्यांना उतरवून मी बसले. वीतभर.

यंत्राला माणूस कळत नाही, असं मी एकतीस वर्षं शिकवलं. लेथवर हात कुणाचा आहे याचं लेथला देणंघेणं नसतं. म्हणून तर लेथवर बोट जातं. सहाव्या माळेला, गॅरेजमध्ये उभी राहून, मी तो धडा मनातल्या मनात खोडला. हे दार मला ओळखत होतं.

कंपनीला फोन केला.

"तुमच्या दारात बिघाड नाही, ताई."

"मग उघडत का नाही?"

"तुमच्या दारात बिघाड नाही."

"हे सांगून झालं."

"आणखी काही मदत करू शकते का?"

"माणूस पाठवा."

"बिघाड नसताना माणूस पाठवायची सोय नाही, ताई. आपला दिवस आनंदात जावो."

कृती ७

राजश्री सलगर माझी विद्यार्थिनी. तेरा-चौदा वर्षांपूर्वी फिटरच्या तुकडीत बावीस मुलगे होते आणि ती एकटी. आता 'उंबरा'ची अख्ख्या जिल्ह्याची दारं ती बघते. तिला कंपनीमार्फत बोलावता येईना, म्हणून तिच्याच नंबरवर फोन लावला. सातव्या माळेला, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत ती आली. दिगंबरचा वर्ग त्या दिवशी बुडाला होता. ते गॅरेजच्या पायरीवर सुताचं गुंडाळं सोडवत बसले होते आणि कुणाशीच बोलत नव्हते.

राजश्री आत-बाहेर तीनदा फिरली, टॅबकडे बघितलं आणि टॅब छातीशी धरला.

"मॅडम, हे तुम्हाला दाखवायचं नसतंय."

"जॉब न दाखवता मार्क मागणाऱ्यांना मी काय म्हणायचे?"

"बाहेर हो म्हणायचा."

"मग?"

तिने टॅब वळवला.

*चालक: प्र. कारंडे, वय ६४. चालीचा निर्देशांक: ९१ वरून ६२. दिशा: घसरण. वाहनासाठी दार: स्थगित. सुधारणा न झाल्यास परवाना विभागाकडे अहवाल: रविवार, सकाळी ६.*

"चालीचा म्हणजे?"

"म्हणजे, तुमच्या चालण्याचा ओ."

थोडा सिद्धांत

दाराच्या वर, आतल्या बाजूला, हातभर लांबीची एक काळी पट्टी आहे. मी ती शोभेची समजत होते. तो रडार आहे.

रुग्णवाहिका जवळ येते तेव्हा तिच्या भोंग्याचा स्वर चढा लागतो, लांब जाताना उतरतो. हलणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लहरीचंही तसंच होतं. ही पट्टी मिलिमीटरभर लांबीच्या लहरी सोडते. स्वयंपाकघराच्या दारातून गाडीपर्यंत अकरा पावलं आहेत. ती अकरा पावलं मी चालते तेव्हा छाती एका वेगाने पुढे येते, हात मागेपुढे झुलतात, पोटरी झपकन जाते, टाच टेकून थांबते. प्रत्येकावरून येणारा प्रतिध्वनी वेगळा. सगळे मिळून एक ठेका तयार होतो. प्रत्येक माणसाचा ठेका निराळा असतो. त्यावरून दार ओळखतं की ही प्रमिला, हे दिगंबर, ह्या शेटे वहिनी.

इथपर्यंत साधं आहे. पुढचा शोध काही वर्षांपूर्वीचा. चालण्याचा ठेका मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींचे काही पुंजके सांभाळतात. वयाबरोबर काहींचे ते पुंजके झिजू लागतात. हात थरथरण्याच्या, नावं विसरण्याच्या कितीतरी वर्षं आधी ठेका बिघडतो, पाऊल आणि पाऊल यांतलं अंतर किंचित कमीजास्त होऊ लागतं. डॉक्टरला ते दिसत नाही, कारण डॉक्टरसमोर माणूस वर्षातून एकदा, सावरून चालतो. दारासमोर तो रोज, तीच अकरा पावलं, कणीक मळलीय का आणि गॅस बंद केलाय का याचा विचार करत चालतो. दारासारखा डॉक्टर नाही, असं संशोधकांच्या लक्षात आलं. मग विमावाल्यांच्या लक्षात आलं.

शोध खरा आहे. मी राजश्रीला खोदून खोदून विचारलं, त्यामागची माहितीही वाचली. फिटर म्हणून सांगते, गेज चांगला बनवलाय.

निरीक्षण

"पण एका आठवड्यात एकोणतीस अंक कसे घसरतील?" मी म्हटलं. "मेंदू काय एका आठवड्यात झिजतो?"

"तेच की. मलाबी कळंना झालंय."

"चप्पल," दिगंबर पायरीवरून म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द.

"काय?"

"घट बसल्यापासून तू अनवाणी हिंडायलीस. चप्पल वाजत नाही, त्यामुळं तू घरात कुठं आहेस ते मला कळत नाही. तीनदा धडकलो तुला. आणि पाऊल पण वेगळं पडायलंय. आखूड. आधी पुढचा तळवा, मग टाच. चोरासारखं."

राजश्रीने माझ्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं. तीन दिवस मी दाराचा एकेक बोल्ट तपासला होता. स्वतःच्या पायांकडे नजर टाकली नव्हती.

नवरात्रात आमच्याकडे निम्मं शहर अनवाणी असतं. कामावर जाणाऱ्या बायका, बँकेतले लोक, रिक्षावाले. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. सिमेंटवर उघडं पाऊल टाकताना माणूस जपून टाकतो, आखूड टाकतो. कुणाचंही शरीर हेच करतं. हे दार शिकलं ते बूट घातलेल्या हजारो लोकांकडून. नऊ दिवसांसाठी एक बाई चप्पल काढून ठेवते, ही गोष्ट त्याला कुणी दाखवलीच नव्हती. आणि गेल्या नवरात्रात ते इथे नव्हतं.

राजश्री खाली बसली, कंपनीच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि स्वयंपाकघराच्या दारातून गाडीपर्यंत अकरा पावलं चालली.

टॅब म्हणाला: *९५ वरून ७१. दिशा: घसरण.*

ती चौतीस वर्षांची आहे. तालुक्याच्या कबड्डी संघात होती.

"चला," दिगंबर म्हणाले, "दोघी पण गेल्या कामातनं."

आम्ही तिघं इतकं हसलो की शेटे वहिनी भिंतीवरून डोकावल्या.

हसणं थांबल्यावर राजश्री म्हणाली, "मग सोपंच आहे, मॅडम. आजपास्नं चप्पल घाला. रविवारपर्यंत सरासरी वर येतीय."

"नाही."

"देवीला कळतंय की ओ सगळं."

"देवीला कळेल. दाराला कळत नाही, हा मुद्दा आहे."

"मॅडम, तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"दाराने मला पायात काय घालायचं ते सांगायचं आणि मी घालायचं, हा तीन दिवसांचा प्रश्न नाही."

माझी आई विड्या वळायची. कारखान्यात रोज जाऊन-येऊन आठ किलोमीटर अनवाणी, बारा महिने, आणि त्यात नवस वगैरे काही नव्हता. वर्षातले नऊ दिवस मी तिच्यासारखी चालते. देवीकडे मागणं काही नसतं. हे मी कुणाला सांगत बसत नाही. दाराला तर मुळीच सांगणार नाही.

राजश्री बूट घालत होती. नाडी बांधता बांधता थांबली.

"मॅडम, अजून एक आहे. सांगू का नको असं झालंय."

"तिसरा नियम काय?"

"निरीक्षण लपवायचं नाही," ती म्हणाली आणि वर्षभराचा आलेख उघडला.

मार्गशीर्षात ९५. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ९१. मधे एक रेघ हळूहळू खाली येत होती, श्रावणापासून. तिच्याखाली लिहिलं होतं: डावा पाय.

हे अनवाणी चालण्यामुळे नव्हतं. तेव्हा माझ्या पायात चप्पल होती.

श्रावणात डाव्या पायातली चप्पल दोनदा पायरीवर मागे राहिली होती. मी पट्टा सैल झाला म्हणाले. चांभाराकडून आवळून घेतला. तरी राहिली, तेव्हा नवी चप्पल घेतली. एकतीस वर्षं बिघाड शोधायला शिकवलेल्या बाईने चप्पल बदलली.

म्हणून इथे लिहून ठेवते: डावा पाय ओढतो. श्रावणापासून. दार याबाबत बरोबर आहे.

त्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. *अहवाल पाहणारे: मृण्मयी कारंडे. वारंवारता: रोज. शेवटचं पाहिलं: आज, ७.१०.*

फोन

"मृण्मयी, माझा डावा पाय कसा आहे?"

"आई, मी मीटिंगमध्ये... काय?"

"डावा पाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"राजश्रीने. तुला?"

"दाराने."

"कधी?"

"श्रावणात."

"आता आश्विन चालू आहे."

"मी सांगणारच होते गं. दिवाळीला येऊन, समोर बसून. फोनवर कसं सांगायचं? तू म्हणाली असतीस, चपलेचा पट्टा सैल झालाय."

मी कोपऱ्यात काढून ठेवलेल्या नव्या चपलेकडे बघितलं.

"आई?"

"आणि गाडीचं?"

"गाडीचं मला वाटलं, वेळ आली की दारच थांबवेल."

"म्हणजे तुला थांबवावं लागणार नाही."

"हो! हो, मला थांबवावं लागणार नाही! तुला थांबवणं कुणाला जमलंय आजवर? बाबांना?"

पायरीवरून दिगंबर म्हणाले, "मला मधे घेऊ नका."

"दार बसायच्या आधी तू रोज दोनदा फोन करायचीस," मी म्हटलं. "मग रविवारी एकदा."

"कारण रोज सकाळी मला कळायचं, तू बरी आहेस!"

"तुला कळायचं. तू बरी आहेस की नाही, ते मला कशावरून कळायचं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती मीटिंगमधून उठून बाहेर आली असावी. आवाज बदलला होता.

"तुला विचारलं की तू म्हणतेस ठणठणीत. बाबांना विचारलं, ठणठणीत. उद्या दोघं जिन्यावरून पडलात तरी पडल्या पडल्या सांगाल, ठणठणीत. मी तीनशे किलोमीटरवरून कुणाला विचारायचं गं मग?"

निरीक्षण: तिचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. हे तिला सांगितलं नाही. आणि तीनशे नाही, अडीचशे.

"मी बाबांसाठी रिक्षा ठरवून देते, महिन्याची," ती म्हणाली. "तू हट्ट करू नकोस, प्लीज."

"हट्ट नाही करत. दाद मागणार आहे."

"कुणाकडे? तिथे कुणी नाहीये, आई. सगळं आपोआप होतं."

कृती ८ (अभ्यासक्रमात नाही)

फोन ठेवला. राजश्री अजून थांबली होती.

"खरंच कुणी नाही?" मी विचारलं.

"दार बरोबर असलं तर कुणीच नाही, मॅडम. अहवाल जातोय, परवाना थांबतोय, पत्र येतंय. हरकत नोंदवायला रकाना आहे. तो रकाना परत दारालाच विचारतोय, की तुझं बरोबर का?"

"आणि दार बिघडलं तर?"

"तर आम्ही येतो."

"कुणी मुद्दाम बिघडवलं तर?"

राजश्रीने टॅब बंद केला आणि भिंतीशी बोलल्यासारखी बोलली. "मग ती छेडछाड. छेडछाड आपोआप मिटवता येत नाही, कायद्यात तशी तरतूद नाही. माणसाला समोर बोलवावं लागतंय. मोटार निरीक्षक असतोय, गाडी चालवून दाखवा म्हणतोय. दंड पण असतोय. आणि पट्टी दिसंनाशी झाली की गाडी दाराला विचारायचं सोडतीय, कारण दार नसलेल्या घरातबी गाड्या असतातच की." तिने बॅग खांद्याला लावली. "मी काही बोलले नाही, मॅडम."

"तू जेवायला आली होतीस. आमच्याकडे फराळच होता."

म्हणजे असं. निर्दोष यंत्रापुढे माणूस मिळत नाही. मिळवायचा तर दोष निर्माण करायला हवा. एकतीस वर्षं मी दोष काढायला शिकवलं होतं.

नववी माळ

खंडेनवमी. सकाळीच सगळी हत्यारं घासून, तेल लावून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. आमच्या वर्कशॉपमध्येही असंच असायचं. या दिवशी हत्याराची पूजा होते. हत्याराला काम लावत नाहीत. अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाणार होता.

दुपारी मी पाटासमोर येऊन उभी राहिले.

"आज उचलत नाहीत गं," दिगंबर म्हणाले. "कारखान्यात आज मालक पाया पडला असता तरी आम्ही मागाचा धोटा हलवला नसता."

"माहीत आहे."

"उद्या सीमोल्लंघन. उद्या कर."

"उद्या सहाला जातोय तो अहवाल. मग बोलावणार कुणी नाही."

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग पाटाकडे सरकले, फुलं बाजूला केली आणि बोटांनी एकेक पाना चाचपू लागले. सगळ्यांत मोठ्यापासून सुरुवात करून, तोंडांची रुंदी मोजत. एक उचलला. त्यावरचं कुंकू सदऱ्याला पुसलं.

"तेरा नंबर ना?"

"तेरा."

"स्टूल मी धरतो."

मी स्टुलावर चढले. डावा पाय एकदा अडखळला, हेही नोंदवते. चार बोल्ट होते. दुसरा काढत असताना दिगंबरच्या खिशातला फोन वाजला. पट्टी हलल्याचं मृण्मयीला तिकडे कळलं होतं.

"हां, बोल की," दिगंबर फोनवर म्हणाले. "नाही, बोलायला रिकामी नाही ती. स्टुलावर चढलीय... मी धरलंय की स्टूल... दिसत नाही म्हणून काय झालं, स्टूल धरायला दिसायला कशाला लागतंय?... रडू नकोस गं. तुझी आई आहे ती, पडली तर माझ्यावरच पडेल."

चौथा बोल्ट निघाला. पट्टीवरचा हिरवा दिवा लाल झाला आणि विझला. मी पट्टी त्यांच्या हातात दिली, खाली उतरले, गाडीत बसले आणि बटण दाबलं. दार पूर्ण उघडलं. पडद्यावर आलं: *दार सापडत नाही. शुभ प्रवास.*

पाच मिनिटांनी दुसरा निरोप आला. छेडछाडीची नोंद झाली आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता चाचणी मैदानावर समक्ष हजर राहावे. 'समक्ष' हा शब्द मी दिगंबरना दोनदा वाचून दाखवला.

समक्ष

निरीक्षकांचं नाव बागवान. पन्नाशीचे, जाड चष्मा, टेबलावर पाण्याची बाटली आणि तिच्याखाली माझा कागद.

"दार का मोडलंत, बाई?"

"मोडलं नाही. चार बोल्ट काढले. पट्टी, बोल्ट, वॉशर, सगळं या डब्यात आहे. परत बसवायला दहा मिनिटं."

"का काढलंत?"

"तुम्हाला भेटायचं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "मला भेटायला म्हणून आजवर कुणी गुन्हा केला नव्हता."

"दुसरी वाट ठेवली नव्हती कुणी."

"इथं लिहिलंय, डावा पाय."

"खरं आहे. ओढतो. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. बाकीची घसरण अनवाणी चालण्याची आहे, ती लिहून आणलीय, प्रयोगासकट." मी वही पुढे सरकवली. "वाचा नंतर. आधी गाडीत बसा आणि डावा पाय काय करतो ते बघा."

ते बाटली घेऊन शेजारी बसले. मी गाडी काढली. आठाच्या आकड्यात वळवली, चढावर थांबवून पुन्हा चढवली, मागे घेत दोन खांबांच्या मधे लावली. बागवान रस्त्याकडे कमी आणि माझ्या पायांकडे जास्त बघत होते. विजेवरची गाडी, क्लच नाही, दोन पेडल, दोन्ही उजव्या पायाची. एकवीस मिनिटं डावा पाय नुसता बसून होता, निवृत्त मास्तरसारखा.

अचानक त्यांनी समोर जोरात थाप मारली. "थांबा!"

गाडी जागच्या जागी थांबली. बाटली त्यांच्या मांडीवरून खाली गेली.

"हे दारानं तपासलं नाही?" बाटली उचलत त्यांनी विचारलं.

"दाराने मला गाडीपर्यंत जाताना बघितलंय. गाडीत कधी बघितलं नाही."

परत टेबलाशी आल्यावर ते बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत होते. प्रत्यक्ष चाचणीचे छापील अर्ज सापडले, कडा पिवळ्या पडलेले. शिक्क्याचं पॅड वाळलं होतं. त्यावर त्यांनी बाटलीतलं पाणी शिंपडलं.

"एक वर्ष," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी परत असंच, समोर. डॉक्टरांचा कागद आणून द्यायचा. दंड भरावा लागेल."

"भरते."

"आणि पट्टी परत बसवा, असं लिहावं लागतंय मला."

"लिहा. मी बसवणार नाही."

"मग परत बोलावीन."

"येईन."

त्यांनी शिक्का मारला. अर्धाच उमटला. त्यांनी आणखी एकदा मारला.

मृण्मयी

कुंपणाबाहेर दिगंबर उभे होते आणि त्यांचा दंड धरून मृण्मयी. पहाटेच्या बसने आली होती. केस विंचरलेले नव्हते.

"झालं?"

"वर्षभर."

तिने मान हलवली. हातात फोन होता. तिचा अंगठा पडद्यावर रोजच्या जागी गेला आणि तिथेच राहिला. दाखवायला तिथे आता काही नव्हतं.

"मग मला आता कसं कळणार?" ती म्हणाली.

"विचार."

"काय?"

"दाराला जे विचारायचीस ते."

ती माझ्या पायांकडे बघत होती.

"डावा पाय कसा आहे, आई?"

मी सांगितलं. पायरीवर मागे राहणाऱ्या चपलेचं सांगितलं. सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं तो पाय माझा वाटत नाही, ते सांगितलं. साडीच्या निऱ्या करताना बोटं पूर्वीसारखी सरसर चालत नाहीत. आणि गुरुवारी डॉक्टर काय म्हणतील, याची मला भीती वाटते, तेही. तिथेच, उन्हात, मैदानाच्या कडेला, लोक गाड्या घेऊन येत-जात असताना. हे सांगायला दाराला दोन आकडे लागले असते. मला बराच वेळ लागला.

"हे मला पण माहीत नव्हतं," दिगंबर म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"तू सांगितलं नसतंस."

"नसतं सांगितलं," मी म्हटलं.

मृण्मयीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "किल्ली दे. जाताना मी चालवते."

"नाही."

"आई, आत्ता तर म्हणालीस की भीती वाटते!"

"वाटते. आणि गाडी मीच चालवणार आहे. दोन्ही खरं आहे." मी दिगंबरना पुढे बसवलं, त्यांचा पट्टा लावला. "आता तुझं. दहा महिने झाले, तू कशी आहेस ते मला माहीत नाही. तुझ्या घरी माझं दार नाही."

तिने किल्लीसाठी पुढे केलेला हात खाली घेतला.

"मागे बस आणि बोल," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.